अर्धा मजला वर

ती. ताईस,

नमस्कार. (साष्टांग घालायची इच्छा आहे, पण खाली गेलेली कंबर परत वर येईल याची खात्री राहिलेली नाही, तेव्हा उभ्यानेच घे.) तुझी तब्येत बरी आहे असं धरून चालतो, कारण बरी नसती तर चार पानी पत्र आलं असतं, आणि या महिन्यात तुझं एकच पान आलं. दाजींचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तो उजवा होता, त्याआधीच्या पत्रात डावा. दोन्ही असतील तर तसं स्पष्ट लिही, म्हणजे मी दोघांचीही चौकशी करत जाईन. निवडुंगाला फूल आलं का? दाजी त्याला अजून रोज पाणी घालत असतील तर हा प्रश्न मागे घेतो. आणि तुझा व्हायोला कपाटावरून कधी खाली येतो की नाही? (सहज विचारलं.)

तू विचारलंयस, "अजून मेलेल्यांचंच काम करतोस का?" ताई, मी जिवंत माणसांचं काम करतो. मेलेल्यांकडून आजवर एकही तक्रार आलेली नाही. त्रास आहे तो जिवंतांचाच. तू शेजारीपाजारी "माझा भाऊ टेलिफोनमध्ये असतो" असं सांगतेस, हेही मला कळलंय. तीन वर्षांपूर्वीपर्यंत ते खरं होतं. फोनवर "कृपया थांबा, आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे" असं सांगून झालं की जी धून लागते, ती मी करत असे. बँक, गॅस, दोन इस्पितळं, एक विमा कंपनी. इतक्या लोकांनी इतका वेळ ऐकलेलं आणि इतक्या शिव्या खाल्लेलं दुसरं संगीत नसेल. मग कंपनीने ते काम यंत्राला दिलं. यंत्राला शिव्यांचं काही वाटत नाही, हा त्याचा मोठा गुण.

तेव्हाच मला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी गाठलं. हे मंडळ म्हणजे, मेल्यावर पुढे काहीच नाही, असं मानणाऱ्या माणसांचं. सभासद गेला की बाकीचे एका हॉलमध्ये जमतात, दोघे बोलतात, थोडं संगीत होतं आणि सगळे घरी जातात. अडचण संगीताची होती. अशा प्रसंगाचं जे संगीत तयार मिळतं ते गेलेल्या माणसाला कुठे ना कुठे घेऊन जातं, आणि या लोकांना कुठेही जायचं नसतं. सेक्रेटरीबाई पूर्वी विमा विकायच्या. (माणूस एक दिवस जाणारच, हे वाक्य इतक्या प्रसन्न चेहऱ्याने म्हणणारी दुसरी बाई मी पाहिलेली नाही.) त्या एकदा बँकेच्या फोनवर अकरा मिनिटं थांबल्या होत्या आणि माझी धून त्यांना पसंत पडली होती. म्हणाल्या, "ऐकताना कुठे जावंसंच वाटत नाही हो."

पहिल्या सभेला हाताशी दोनच दिवस होते, म्हणून मी गॅस कंपनीची जुनी धून घेतली, तिचा वेग निम्मा केला आणि वाजवली. संपली. कुणी उठेना. तीस माणसं खुर्चीत जराशी पुढे झुकून, मान किंचित एका बाजूला करून बसून राहिली. दोन मिनिटांनी मागच्या रांगेतले एक गृहस्थ पुटपुटले, "आता उचलतील." गेलेल्या बाईंच्या जावयाने नंतर मला बाजूला घेऊन सांगितलं की सबंध वेळ त्याला वाटत होतं, पलीकडून कुणीतरी आत्ता बोलेल. सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "पलीकडे कुणी नाही, एवढंच सांगायला आपण जमलो होतो."

त्या दिवसापासून मी जुनं काही वापरत नाही. हॉल आहे तो एका दातांच्या दवाखान्याच्या मागे. खरं तर तो टेबलटेनिस क्लबचा अर्धा भाग आहे. मध्ये प्लायवूडची भिंत आणि तिला एक दार. पलीकडे चेंडू टकटक करत असतो आणि अलीकडे आम्ही माणसाला निरोप देत असतो. वादक तीन. चेलोवर दवाखान्याचे डॉक्टर स्वतः. (दोन पेशंटच्या मध्ये येतात. एकदा हातमोजे काढायचे राहिले होते, तरी चांगलं वाजवलं.) क्लॅरिनेटवर पोलीस बँडमधून निवृत्त झालेले हवालदार, ज्यांना हळू वाजवणं म्हणजे कामचुकारपणा वाटतो. आणि व्हायोलावर, म्हणजे व्हायोलिनच्या त्या तुझ्या थोरल्या भावावर, शाळेत शिकवणारी एक बाई. तिच्याबद्दल पुढे लिहितो. (पुढे म्हणजे फार पुढे. विसरलो तर विचारू नकोस, मी विसरणार नाही.)

आता मुख्य माणूस. गेल्या वर्षी कारखान्यात लेथ चालवणाऱ्या एका टर्नरच्या सभेनंतर एक म्हातारे गृहस्थ माझ्यासमोर उभे राहिले. खांद्याला रेक्झिनची पिशवी, पिशवीतून पान्याचं टोक बाहेर. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "शेवट वर का नेलात?" मी म्हटलं, शेवट असा थोडा वर गेला की ऐकणाऱ्याला बरं वाटतं. ते म्हणाले, "तो टर्नर माझा पन्नास वर्षांचा दोस्त. तो वर गेलेला नाही. मी चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करत होतो. वर काय आहे ते मी रोज बघितलंय. वर मशीनची खोली आहे आणि कबुतरं आहेत." एवढं बोलून गेले. आठवड्याने परत आले आणि स्वतःच्या सभेचं संगीत सांगून गेले. मी त्यांना लिफ्टकाका म्हणायला लागलो, त्यांनी हरकत घेतली नाही. ते मला "ओ संगीत" म्हणतात.

त्यांची मुख्य अट अशी की संगीत त्यांना आधी ऐकायचं होतं. सगळ्यांसमोर, हॉलमध्ये, रीतसर. मी म्हटलं, काका, तशी पद्धत नाही. ते म्हणाले, "मेल्यावर ऐकायला मी नसणार, हे तर तुमच्या मंडळाला मान्य आहे ना? मग मी असताना वाजवा." सेक्रेटरीबाईंनी कार्यकारिणीची बैठक घेऊन मंजुरी दिली. काकांचा वाढदिवस सहा महिन्यांवर होता, एकोणऐंशीवा. तो दिवस ठरला; खऱ्या सभेला तेच पुन्हा वाजायचं होतं. काकांच्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, आणि त्यांचे हृदयाचे डॉक्टर सहा महिन्यांपलीकडचं काही बोलत नव्हते. काका म्हणतात, "जुनं मॉडेल आहे. स्पेअर येत नाहीत." म्हणजे माझ्या हातात तेवढाच वेळ, चुकलं तर दुरुस्तीला सवड नाही, आणि दुसरा संगीतकार शोधायला काकांना तर नाहीच नाही.

बाकीच्या अटी त्यांनी आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने लिहून दिल्या. घुमारा नको : तो मोठ्या रिकाम्या जागेत येतो आणि मी मोठ्या रिकाम्या जागेत जाणार नाही. हळूहळू विरत जाणारा शेवट नको : ऐकू येईनासं झालं की लोकांना वाटतं पुढच्या खोलीत चालू आहे. पहिली धून शेवटी परत नको : मी परत येणार नाही. बासरी नको. (याला कारण दिलं नव्हतं.) आणि सगळ्यात खाली, दोन रेघा मारून : मध्ये काय करायचं ते करा, पण शेवटच्या पानावर एकही स्वर आधीच्या स्वरापेक्षा वर जाता कामा नये. ताई, चाळीस वर्षं संगीत करतोय मी. शेवटच्या पानावर वर जाणं एवढं एकच मला नक्की येतं.

म्हणून पहिला खर्डा केला त्यात शेवट खाली नेला. काकांच्या घरी जाऊन ऐकवला. (घर तळमजल्यावर. चाळीस वर्षं लिफ्टचं काम केलेला माणूस जिन्याचा किंवा लिफ्टचा, कुणाचाच भरवसा धरत नाही.) काका म्हणाले, "खाली पण नको. खाली काय आहे माहितीये? लिफ्टचा खड्डा. पाणी साचलेलं असतं आणि लोकांनी टाकलेल्या किल्ल्या." मग एकाच स्वरावर धरला. काका म्हणाले, "ही बंद पडलेली लिफ्ट झाली. आत माणसं ओरडतायत."

त्यांच्या घरी मी आठवड्यातून एकदा जात होतो आणि दर वेळी काकू चहाबरोबर तीच गोष्ट सांगत होत्या, ती अशी. शेहेचाळीस वर्षांपूर्वी काकू एका ऑफिसात टायपिस्ट होत्या. एक दिवस लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये अडकली. आत काकू एकट्या, दिवा बंद. चाळीस मिनिटं. तोवर काकूंचा कशावरच विशेष विश्वास नव्हता, पण चाळीस मिनिटांत त्यांनी आठवतील तेवढ्या सगळ्यांचा धावा केला, आणि लिफ्ट हलली. हळूहळू अर्धा मजला वर गेली, पाचव्यावर लागली. काकू तेव्हापासून श्रद्धाळू. आता वर मशीनच्या खोलीत त्या वेळी कोण होतं, तर काका. वीज गेली की ब्रेक सोडून मोठं चाक हाताने फिरवायचं असतं, तसं ते फिरवत होते. मग जिना उतरून पाचव्यावर आले, दार उघडलं, आणि पुढचं तू समजून घे. तेव्हापासून लिफ्ट कुणी वर घेतली यावर त्या घरात वाद चालू आहे. काकू म्हणतात, "मी हाक मारली आणि ती हलली." काका म्हणतात, "मी चाक फिरवलं आणि ती हलली." काकू म्हणतात, "बरोबर तेव्हाच का फिरवलंत?" काका म्हणतात, "तेव्हा जेवून आलो." मी या वेळात बिस्किट बुडवत शेवटच्या पानाचा विचार करत असे. खरं सांगायचं तर कुणाचंच ऐकत नव्हतो.

शेवटी काकांनाच माझी दया आली. ते मला एका आठ मजली इमारतीत घेऊन गेले. तिथली लिफ्ट त्यांच्या हाताखालची. घडीची दोन स्टुलं त्यांनी लिफ्टमध्ये टाकली आणि म्हणाले, "डोळे मिटा. थांबली की सांगा." आम्ही तासभर वरखाली केलं. मी दर वेळी चुकलो. मला आधी वाटायचं थांबली, किंवा थांबून गेल्यावर कळायचं. चौथ्या मजल्यावर एक बाई कुत्र्याला घेऊन चढल्या आणि त्यांनी विचारलं, "तुम्हाला कुठल्या मजल्यावर?" काका डोळे न उघडता म्हणाले, "कुठल्याच नाही. आम्ही थांबायला आलोय." बाई पुढच्या मजल्यावर उतरल्या आणि जिन्याने गेल्या. कुत्रं राहायला तयार होतं. मग काकांनी सांगितलं. "चांगली लिफ्ट थांबते ते कळत नाही. दार उघडतं तेव्हा कळतं. आतली फरशी आणि बाहेरची फरशी एका रेषेत. चालणाऱ्याची चप्पल अडखळता कामा नये. याला आम्ही लेव्हल म्हणतो. तुमच्या धंद्यात याला काय म्हणतात?" मी म्हटलं, आमच्याकडे याला शब्द नाही. ते म्हणाले, "म्हणून तुम्हाला येत नाही."

ताई, त्या दिवशी घरी येऊन मी शेवटचं पान लिहिलं. तीनही वाद्यं चालता चालता एकमेकांच्या जवळ येतात, वेग आपोआप कमी होतो आणि मग पुढचा स्वर येत नाही. वर नाही, खाली नाही. मला ते आवडलं. इतकं आवडलं की दुसऱ्याच दिवशी दाखवायला गेलो. काकांनी आलेखाच्या कागदावर स्वरांचे ठिपके मांडून पाहिले आणि म्हणाले, "याला हात लावू नका. मी माणसाचं काम एकदा तपासतो. त्यानंतर त्याने चोरून फेरफार केला तर त्याच्या लिफ्टमध्ये परत पाय ठेवत नाही." आणि औषध घ्यायला आत गेले.

मी चपला घालत होतो. काकू छत्री द्यायला दारापर्यंत आल्या आणि आवाज खाली करून म्हणाल्या, "शेवटी थोडंसं वर घ्याल का? जास्त नको. अर्धा मजला पुरे." मी म्हटलं, काकू, काकांनी लिहून दिलंय. "त्यांनी लेखी दिलंय, मी तोंडी सांगते," काकू म्हणाल्या. "ऐकायला कोण असणार आहे? ते म्हणतात, ते नसणार. मग मीच ना?" आतून पाण्याचा पेला ठेवल्याचा आवाज आला. मी "हो" म्हटलं.

तू आता कपाळाला हात लावला असशील. मांजराच्या पिल्लाचं आठवतंय ना? एकच पिल्लू मी तीन घरांना कबूल केलं होतं आणि घरोघर जाऊन तूच ते निस्तरलंस. मला नाही म्हणता येत नाही, हे तुला तेव्हापासून माहीत आहे. पण पिल्लाच्या वेळी निदान कुणाच्या हृदयाची झडप मध्ये नव्हती. काकांना कळलं असतं तर माझ्यावरचा विश्वास गेला असता, तो जाऊ दे. पण आपल्या निरोपात कुणीतरी चोरून भेसळ केली, आणि ती घरातूनच झाली, असं मनात घेऊन त्यांनी उरलेले महिने काढले असते. आणि नाही केलं असतं तर काकूंना जन्मभर ते सपाट पान ऐकावं लागलं असतं. (जन्मभर म्हणजे एकदाच, पण ते एकदाचंच पुढे रोज ऐकू येतं, हे आईच्या वेळी आपण पाहिलंय.)

म्हणून मी तो अर्धा मजला व्हायोलात लपवला. शेवटून दुसऱ्या जागी, क्लॅरिनेटच्या लांब स्वराखाली, अर्धाच स्वर वर. व्हायोलात का, तर व्हायोला कुणालाच ऐकू येत नाही. (रागावू नकोस. ऑर्केस्ट्रातून निवृत्त झालीस त्या दिवशी भाषणात हे तूच म्हणाली होतीस, आणि मागच्या रांगेतून "काय म्हणाल्या?" असा आवाज आला होता.) व्हायोलावाल्या बाईंना मी सांगितलं, ऐकू आला पाहिजे, पण कळता कामा नये. त्या म्हणाल्या, हे तर मी शाळेत रोज करते.

वाढदिवसाचा दिवस. एकतीस माणसं. काका पहिल्या रांगेत मधोमध, पांढरा शर्ट, पिशवी मांडीवर. शेजारी काकू. सेक्रेटरीबाईंनी सवयीने स्टुलावर काकांचा फोटो ठेवला होता आणि त्याच्या बाजूला काका बसलेले, त्यामुळे येणारा प्रत्येक जण आधी फोटोकडे बघून गंभीर व्हायचा आणि मग काकांकडे बघून दचकायचा. सेक्रेटरीबाईंनी छापील कागद वाचायला घेतला. "आज आपण ज्यांची आठवण काढायला जमलो आहोत, ते आपल्यात नाहीत." काका उभे राहिले आणि म्हणाले, "हजर." हशा झाला. नंतर दोघे बोलले. एकाने काकांच्या स्वभावाबद्दल चांगलं सांगितलं. काकांनी जागेवरून दुरुस्ती केली, "ते एकदाच झालं होतं." दुसऱ्याने त्यामुळे भाषण आवरतं घेतलं.

मग वाजलं. अकरा मिनिटं. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि फक्त काकांच्या कानाकडे बघत होतो. डॉक्टरांनी हातमोजे काढलेले होते. हवालदार हळू वाजवत होते आणि त्यांच्या मानेची शीर त्याचा निषेध करत होती. शेवटचं पान आलं. व्हायोला अर्धा मजला वर गेला. काका हलले नाहीत. मग तिन्ही वाद्यं जवळ आली आणि थांबली.

थांबली हे कुणालाच कळलं नाही. एकतीस माणसं तशीच बसून. पण या वेळी पुढे झुकलेली नव्हती, मान कलती नव्हती, कुणी कशाची वाट बघत नव्हतं. नुसती बसली होती. पलीकडचा चेंडूही थांबला होता. तेवढ्यात तोच चेंडू दाराच्या खालच्या फटीतून इकडे आला, घरंगळत काकांच्या बुटाशी लागला, आणि चेंडू मागायला आलेल्या माणसाने प्लायवूडचं दार उघडलं. तेव्हा सगळ्यांना कळलं. काकांनी चेंडू उचलून त्याला दिला, माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "लेव्हल."

ताई, मला आयुष्यात एवढीच दाद मिळाली आहे. काकूंनी चष्मा पुसला आणि पदराआडून माझ्याकडे बघून मान हलवली. काकांना काही कळलं नाही. दोघं खूष, मी खूष, मंडळ खूष. एकच पिल्लू मी दोन घरांना दिलं आणि या वेळी तुला बोलवावं लागलं नाही, हे कळवायला हे पत्र. दाजींना, गुडघ्यांना आणि निवडुंगाला नमस्कार.

तुझा,
(आता टेलिफोनमध्ये नसलेला) भाऊ

ता. क. पाकीट चिकटवायच्या आत वरचा एक मजकूर दुरुस्त करावा लागतोय. काकांना कळलं होतं. आज सकाळी आले. बसले नाहीत. "शेवटून दुसऱ्या जागी, मधल्या वाद्यात, अर्धा मजला वर आहे." मी म्हटलं, छे. ते म्हणाले, "आठव्या मजल्यावरचं बेअरिंग घासतंय हे मी तळमजल्यावर उभं राहून सांगायचो. छे काय?" मी माफी मागितली. म्हटलं, आजच्या आज काढून टाकतो. "हात लावू नका," काका म्हणाले. मग बराच वेळ पिशवीचा पट्टा नीट करत राहिले. "ते वर जाणं नव्हे. ते चौथ्या आणि पाचव्याच्या मधलं आहे. तेवीस वेळा चाक फिरवलं मी. हाताने. वर मी, खाली ती. आयुष्यात एवढ्या एकाच माणसाला मी हाताने वर घेतलंय. ती म्हणते, हाक मारली म्हणून. म्हणू दे." तेव्हा कुठे मला ते चहाचे सहा महिने आठवले, आणि काकूंनी अर्धा मजलाच का मागितला होता ते कळलं. जाताना दारात थांबून म्हणाले, "फक्त तो स्वर जरा लांबवा. इतकी पटकन नाही आली ती. चाक जड होतं. आणि मला ऐकू आलं हे तिला सांगू नका. मी बदललो म्हणून गावभर करेल." मी हो म्हटलं.

ता. क. दुसरा. दुपारी काकूंचा फोन. "त्यांना कळलं ना? मी शेजारी होते. त्या जागी त्यांचा उजवा हात मांडीवर चाक फिरवल्यासारखा हलला." मी विषय बदलायला गेलो. "मला कळलं हे त्यांना सांगू नका. आणि असं करा, तो अर्ध्याचा पाव मजला करा. मला तेवढा पुरतो. त्यांच्या मनाविरुद्ध जास्त नको." मी हो म्हटलं. म्हणजे ज्यांना अजिबात वर नको होतं त्यांना आता जास्त हवंय आणि ज्यांना वर हवं होतं त्यांना कमी, आणि मी दोघांनाही कबूल करून बसलोय.

ता. क. तिसरा, आणि खरं पत्र इथून आहे. व्हायोलावाल्या बाई पुढच्या महिन्यात नवऱ्याच्या बदलीच्या गावी चालल्या आहेत. एकच स्वर एकाला लांबलेला आणि दुसऱ्याला जेमतेम पाव मजला वर गेलेला ऐकू जाईल असा वाजवणं माझ्या लिहिण्यात बसत नाही, ते वाजवणाऱ्याच्या हातात असतं, आणि असा हात मी एकच पाहिला आहे. (ऐकू येत नाही असं वर लिहिलंय ते खोटं. मला नेहमी तूच ऐकू यायचीस.) येशील का? पान सोबत ठेवलंय. खऱ्या सभेची तारीख कळवता येत नाही. काका म्हणतात, जुना माल आहे, चालला तर चालेल; काल स्वतः जाऊन पाच-पाच वर्षं टिकणारे दोन डझन विजेचे दिवे घेऊन आले. तरी तू व्हायोला खाली काढ, तार बदल आणि बॅग भरून दाराशी ठेव. तिच्यावर धूळ बसली तर पुसू नकोस. किती बसली ते मात्र दर पत्रात कळवत जा.